दोरावरचं वजन

९ मार्च, सोमवार

पोचले बाई एकदाची! बस, मग लाँच, मग पुन्हा बस आणि शेवटी बोटींच्या आवारातून धाकट्या भावाच्या मागे सामान ओढत पायपीट. पण त्याला फाटकाशी उभा पाहिला आणि सगळा शीण गेला. दाढी वाढलीय, उन्हाने रापलाय, नखं मात्र अजून कुरतडलेलीच. मी आल्या आल्या त्याच्या हातावर चापट मारली, तर त्याने मला उचलून गरकन फिरवलं, चारचौघांत. लाज नाही मेल्याला.

माझी कल्पना अशी की बोट म्हटल्यावर पाण्यात असणार. ही तर जमिनीवर, लाकडी टेकूंवर उभी, आणि घरात जायचं तर शिडी चढून! गुडघ्यांनी तिथेच तोंड वाकडं केलं. आत मात्र छान आहे. प्रत्येक वस्तूला झाकण, प्रत्येक झाकणाला कडी. माझ्या बिछान्याखाली हत्यारांच्या पेट्या. शेगडी अशी टांगलीय की बोट कलली तरी पातेलं सरळ राहावं. भावजयीने जाताना माझ्यासाठी उशीला नवा अभ्रा घालून ठेवला होता, गुणाची पोर आहे.

तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून तिला प्रवास अर्धवट टाकून जावं लागलं. नवराबायको बोट घेऊन जग बघायला निघालेले, आणि आता पुढचा टप्पा सगळ्यात मोठा, महासागराचा. वादळांचे महिने लागायच्या आत तो ओलांडायचा, पलीकडच्या किनाऱ्यावर भावजय येऊन भेटणार. मध्ये एक माणूस कमी पडतं, ते म्हणजे मी. नर्सची नोकरी संपवून जेमतेम घरी बसले होते, तर या वयात खलाशी झाले. आई गेल्यावर याला मीच वाढवला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

वॉर्डात आयुष्यभर ड्यूटीचे रिपोर्ट लिहिले. ती खोड जात नाही, म्हणून ही डायरी.

१० मार्च, मंगळवार

आज काम समजून घेतलं. बोटीची जुनी डोलकाठी बुडाशी तडकली होती. नवी घ्यायची तर ती बनून यायला अर्धं वर्ष. आवाराच्या मागे एक मोडीवाला आहे, मोडक्या बोटींचं सामान विकतो. त्याच्याकडे गवतात एक डोलकाठी आडवी पडलेली होती, नेमकी आमच्या मापाची. धाकट्याने ती उचलली. मी यायच्या आदल्या दिवशी क्रेनने उभीही केली. देवाने दिली म्हणतो. मी म्हटलं, देव मोडीवाल्यामार्फत कधीपासून द्यायला लागला?

डोलकाठी नुसती उभी राहत नाही. चारी बाजूंनी जाड तारांनी ताणून धरावी लागते, तंबूच्या खांबासारखी. सगळ्या तारा नव्या घालायच्या आहेत, पण एका वेळी एकच. एक जुनी काढायची, नवी मापून कापायची, टोकाला मूठ बसवायची, वर खाली जोडून ताणायची, मगच दुसरीला हात लावायचा. घाई केली तर काठी डोक्यावर.

वर चढायला कापडाची एक बैठक आहे, मांड्यांभोवती पट्टे येतात. तिला हे दोघं पाळणा म्हणतात. धाकटा पाळण्यात बसतो, मी खाली विंचचा, म्हणजे दोर गुंडाळायच्या रहाटाचा, दांडा फिरवत त्याला वर चढवते. शिवाय त्याच्या कमरेला दुसरा दोर, राखणीचा. पहिला तुटलाच तर हा सांभाळेल. तो मी शेजारच्या खुंटीला गुंडाळायचा. उतरवताना दोन्ही दोर बरोबरीने सोडायचे, नाहीतर माणूस मध्येच लटकतो.

नियम दोन. खालच्याने वर बघायचं नाही. गंज, तारेचे तुकडे, कधी आख्खा पाना पडतो, आणि भावजयीच्या डोळ्यात एकदा तारेचा काटा गेला होता. डोळे खाली, कान वर. दुसरा, वरचा ‘उतरव’ म्हणाला की उतरवायचं. वाद नाही, प्रश्न नाही. वाऱ्यात वाद घालायला गेलं तर निम्मे शब्द उडून जातात आणि भलतंच होऊन बसतं, असं त्याचं म्हणणं. नवराबायकोने ठरवलेली रीत, मलाही मान्य. वाद घालायचा नाही हे कबूल करणारं एक तरी माणूस या घराण्यात निपजलं, आणि तेही मी!

१२ मार्च, गुरुवार

अंग मोडून आलंय. काल दिवसभर आणि आज दिवसभर वरखाली, वरखाली. आमचे साहेब उंटावरून शेळ्या हाकतात आणि मी खाली घाण्याला जुंपलेली. पण गंमत अशी की मला हे जमतंय. माणसं उचलण्यात जन्म गेला. कुठल्या पेशंटला किती जोर लागतो ते हात लावला की कळायचं. तसं धाकट्याचं वजन माझ्या हातांना आता पाठ झालंय. दोर विंचवर ताणला की तो तिथे असतो. वर बघायची गरजच पडत नाही.

दोन तारा झाल्या. तिसरीची जुनी पिन निघता निघेना. त्याने वरून शिव्या घातल्या, त्या मात्र वाऱ्याने उडवून नेल्या नाहीत. शेजारच्या बोटीवर एक बाई एकटीच बुडाला रंग लावत असते, ती हसून हसून बेजार. नंतर तिने आम्हाला तिच्याकडे चहाला बोलावलं.

रात्री जेवण म्हणजे पाव आणि डब्यातलं सूप. दोघांच्याही अंगात शेगडी पेटवायचं त्राण नव्हतं.

१४ मार्च, शनिवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कापलेली तार बोटभर आखूड निघाली, ती वाया. वारा थांबत नाही. आवारातल्या सगळ्या डोलकाठ्यांच्या तारा दिवसभर शीळ घालतात, डोकं उठतं.

धाकटाही दमलाय. आज उतरल्यावर म्हणाला की अगदी शेंड्यावर गेलं की जागा कमी पडते. विचारलं, म्हणजे काय, तर हसला. म्हणे कोपर लागतं कुणाचंतरी, बसच्या बाकावर तिसरा माणूस येऊन टेकल्यासारखं. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. उन्हात टोपी घालत नाही, दुसरं काय होणार! उद्या सुट्टी, असं मी जाहीर केलं आणि चक्क त्याने ऐकलं.

भावजयीचा फोन आला होता. आई बरी आहे, आणि हा नीट जेवतो का, वर चढताना राखणीचा दोर बांधतो का, हे तिने मला तीन तीनदा विचारलं. मी तिला शब्द दिला की तुझा नवरा तुला अख्खा परत देईन.

१६ मार्च, सोमवार

आज माझ्या हातून घोर चूक झाली. सुदैवाने निभावली, पण लिहून ठेवते.

सकाळचा चहा झाला आणि तो शेंड्यावर गेला. पुढच्या तारेची पिन बसवायची, चांगलं तासाभराचं काम. मी दांडा थांबवला, दोर अडकवला, अजून पदराने तोंडही पुसलं नव्हतं, तोच वरून आवाज आला, ‘उतरव’. इतक्यात? पण नियम तो नियम. प्रश्न विचारला नाही, वर बघितलं नाही. पाळण्याचा दोर हळूहळू सोडत गेले. वजन हलकं लागत होतं. वाटलं, वारा खालून उचलत असेल.

तो डेकवर उतरला तेव्हा माझं लक्ष खुंटीकडे गेलं. राखणीचा दोर मी सोडलाच नव्हता! विसरले, साफ विसरले. तो तसाच गुंडाळलेला, ताठ, वर गेलेला. म्हणजे याने तो वरच कमरेवरून सोडला असणार, नाहीतर खाली आलाच नसता. नुसत्या एका दोरावर, एवढ्या उंचीवरून! मी त्याला चांगला फैलावर घेणार होते. पण त्याने पट्टे सोडले आणि तिथेच डेकवर उताणा पडला, हातपाय पसरून. डोळे मिटले. हत्यारांची पिशवीही वरच राहिलेली.

ऊन लागलंय हे उघड आहे. धरून धरून आत नेलं, ओल्या फडक्याने पुसलं. संध्याकाळपर्यंत पडूनच होता.

१७ मार्च, मंगळवार

ताप नाही, नाडी ठीक. पण तो बसत नाही. उभा राहील नाहीतर आडवा होईल. खुर्ची पुढे केली तर अंग चोरून मागे सरतो. जेवतो मात्र अधाशासारखा, दोन्ही हातांनी.

पायजमा बदलायला लावला तेव्हा मांड्या दिसल्या. पट्ट्यांच्या जागी जखमा. घासल्याच्या नाहीत. मी ओळखते या जखमा, हलू न शकणाऱ्या पेशंटला होतात तशा, खोल, कडा काळ्या पडलेल्या. अशा जखमेला आठवडेच्या आठवडे लागतात. परवापर्यंत यांचा मागमूस नव्हता. असता तर हा शिडी चढलाच नसता.

धुऊन पट्टी बांधली. त्याने माझा हात धरला आणि ‘बाई, उपकार झाले’ म्हणाला. बाई! जन्मात मला ताईशिवाय हाक मारली नाही याने.

आणि नखं. इतके तास नुसता पडून आहे, पण एकदाही बोट तोंडात गेलं नाही.

१८ मार्च, बुधवार

भर दुपारी लिहितेय, लख्ख उन्हात, शुद्धीवर आहे.

तो आत झोपला होता. मी डेकवर तारेचे तुकडे गोळा करत होते आणि वरून धाकट्याचा आवाज आला. अगदी त्याचा, वैतागलेला. ताई, किती वेळ? म्हणाला की पाय मुंग्यांनी भरलेत, तू चहा ढोसत बसलीस की काय?

मी आत धावले. तो झोपलेलाच, तोंड मिटलेलं. परत बाहेर आले. यावेळी वर बघितलं. नियम मोडला आणि बघितलं.

शेंड्यावर कुणी नाही. फक्त राखणीचा दोर वर जाऊन संपतो आणि त्याच्या टोकाला त्याने मारलेली गाठ, तो फास. सुटलेला नाही. रिकामा फास लोळागोळा होऊन लोंबायला हवा ना? तो कमरेएवढा गोल आहे, उघडा. खालून दोर ताणलेला.

मी खुंटीवरचा एक वेढा सोडला आणि दोर हातात घेतला.

वजन आहे. त्याचं वजन आहे. हातांना पाठ आहे हो, चुकायचं नाही. वितीवितीने सोडत गेले, ते वजन माझ्या हातात खाली येत होतं, काठीच्या निम्म्यापर्यंत आलं. आणि एकदम गेलं. दोर ढिला. फास वाऱ्यावर भिरभिरला. मग वर पुन्हा तोच आवाज, होता तिथूनच, की ताई, गंमत करू नकोस.

दोर मी परत वर चढवून ठेवला. तिथे गेल्या गेल्या ताणला गेला.

१९ मार्च, गुरुवार

शेजारच्या बाईला डेकवर आणलं. धाकटा वरून हाका मारतच होता. तिला ऐकू आलं नाही. तारा वाजतायत म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली की तुम्ही जरा झोपा.

मोडीवाल्याकडे गेले. आधी टोलवाटोलवी केली, मग माझा चेहरा पाहून बसला आणि सांगितलं. ही काठी ज्या बोटीची, ती समुद्रात भरकटताना सापडली होती. तीही नवराबायकोचीच. नवरा वर, पाळण्यात, काहीतरी दुरुस्त करायला गेलेला. बायको खाली विंचपाशी, हृदय बंद पडून गेलेली. त्याला उतरवायला कुणी उरलं नाही. काठी उंच, दोर खाली बांधलेला, उडी मारायचीही सोय नाही. तो तिथेच बसल्या बसल्या संपला. किती दिवसांनी, कोण जाणे. बोट लोकांना सापडली तेव्हा तो वरच होता.

आधी का नाही सांगितलं, तर म्हणे सांगितलं असतं तर घेतली असती का? मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. काही उपयोग नाही, पण बोलले.

क्रेनवाल्याला गाठलं, काठी उतरव म्हणून हातापाया पडले. वारा पडेपर्यंत क्रेन हलणार नाही म्हणतो.

२० मार्च, शुक्रवार

आत जो आहे त्याला विचारलं. सरळच, कोण तू म्हणून.

लपवलं नाही त्याने. धाकट्याच्या चेहऱ्याने रडला. म्हणाला की मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, मी फक्त फार दमलो होतो. ती जागा रिकामी राहत नाही. दुसरं कुणी तिथे येऊन बसलं की पहिल्याने ‘उतरव’ म्हणायचं, की त्याला सुटका, आणि सुटलेल्याला वरच्याचा चेहरा. हाक आपल्या माणसालाच ऐकू जाते. त्याचं माणूस तर विंचपाशीच गेलं, मग ऐकणार कोण? म्हणून दुसऱ्या कुणाचं माणूस वर येईपर्यंत थांबला.

क्रेनचं बोलले, तर त्याने मान हलवली. काठी गवतात आडवी पडलेली होती तेव्हाही मी वरच होतो, म्हणाला. आडवी करा, तोडा, जाळा. वर ते वरच.

पुन्हा जाशील का विचारलं. नाही म्हणाला. मारा, पण वर नाही. दांडा मात्र फिरवीन म्हणाला, तुम्ही सांगाल त्याला चढवीन, उतरवीन, एवढं करीन.

त्याच्या जखमा धुतल्या. काय करू, हातांना सवय आहे. राग यावा तर तो इतका थकलेला दिसतो की रागही धड येत नाही. आणि चेहरा माझ्या पोराचा.

२१ मार्च, शनिवार

धाकट्याचा आवाज बसलाय. वैताग संपला. आता नुसतं विचारतो, ताई, आहेस ना? मी म्हणते, आहे रे. मग विचारतो, जेवलीस का?

जेवलीस का, म्हणे.

पाणी मागतो. वर पाठवलं पाळण्यातून, बाटली तशीच खाली आली. भरलेली.

त्याला वाटतंय अजून ती सोमवारची सकाळच आहे. फक्त लांबलीय. ऊन कलत का नाही म्हणतो.

भावजयीचा फोन. त्याला दे म्हणाली. मी म्हटलं, तो वर आहे. खोटं नाही बोलले. राखणीचा दोर बांधलाय ना, तिने विचारलं. म्हटलं, बांधलाय, घट्ट आहे. फोन ठेवल्यावर तोंडात पदर कोंबून रडले.

अख्खा परत देईन म्हटलं होतं.

मी म्हातारी, वापरून झालेली. गुडघे गेलेले. उरलं काय माझं? याचं सगळं व्हायचंय अजून. हिशेब सोपा आहे, भीती तेवढी वाटते. फार वाटते. पायऱ्या उतरतानाही मला चक्कर येते आणि मी कुठे जाऊ म्हणतेय, तर त्या शेंड्यावर.

२२ मार्च, रविवार

आत जो आहे त्याने चढवलं. हळू, सांभाळून. पट्टे नीट बसलेत का विचारलं. सज्जन आहे तसा.

डोळे मिटून होते. डोलकाठीच्या मध्यावर आडव्या काठ्या आहेत, तिथे धक्का बसला, किंचाळले. मग दांडा थांबला.

जागा कमी पडते इथे. खरंच. कोपराला कोपर.

दिसला नाही, पण धाकटाच. साबणाचा वास, त्याचाच. ताई, तू कशाला आलीस, म्हणाला, केवढी भित्री तू! मी म्हटलं, गप बस, प्रश्न विचारायचे नाहीत, ‘उतरव’ म्हण. अरे म्हण ना! लहानपणी औषध घेताना कुरकुरायचा तसा कुरकुरला.

मग म्हणाला.

पाळणा गेला खाली. मी मात्र बसलेलीच आहे. कशावर, ते बघत नाही. डायरी मांडीवर आहे, तारांवर खुणा करायची पेन्सिल हातात. की त्याही तिकडे खाली आहेत —

उतरला. डेकवर पाय टेकले त्याचे. पाहिलं मी. माझा पोर उभा आहे. मांड्या चोळतोय.

बोट तोंडात घातलं. नखं खातोय. खा रे बाळा. खा.

दुपार असावी

खाली दोघं आहेत. तो आणि मी.

माझाच चेहरा, माझाच चष्मा वर सारलेला. विंचपाशी उभी आहे ती, म्हणजे दांडा फिरवणाराच तो; वरची आता मी, म्हणून त्याला माझा चेहरा, आणि पोराला त्याचा परत. दोर गुंडाळते आहे. त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि काहीतरी म्हणाला, हसले दोघं. ऊन लागलं होतं मला, असंच सांगत असणार. त्याला आठवत नसावं. बरंच आहे.

ती बसत नाही. उभ्यानेच चहा पितेय. त्याच्या लक्षात आलेलं नाही.

मी इथे आहे हे त्याला कळायला नको. हाक मारली तर ऐकू जाईल — त्याचं माणूस आहे मी. आणि ऐकू गेलं तर तो राहणार नाही खाली. ओळखते ना. धावत वर येईल मला सोडवायला. मग पुन्हा तेच.

म्हणून तोंड बंद. एवढंच काम आता. सोपं आहे. दांडा नाही, ओझं नाही, नुसतं गप्प बसायचं.

वारा पडलाय

क्रेन आली. बोट उचलून पाण्यात सोडली. केवढी डोलते! खाली थोडं हललं की इथे —

सगळ्या तारा झाल्या. छान ताणल्यात. चांगलं काम केलं पोराने.

शेजारची बाई हात हलवतेय. तीही — मीही — हलवतेय.

?

पाणीच पाणी. शीड चढवलं. वर बघितलं त्याने, शिडाकडे. थेट माझ्याकडे. शीळ घालतोय.

भावजयीकडे चाललाय. अख्खा.

मांड्या दुखायला लागल्यात. ऊन कलत नाही.

तो सुकाणूपाशी आहे. ती आत झोपते, सारखी झोपते. तो तिच्यावर पांघरूण घालतो. ताई दमली, असं म्हणत असेल —

दमलेच आहे रे.

नाही मारायची हाक. शब्द दिलाय. पलीकडे पोचू दे. तोंडात पदर धरलाय. पण हे संपत नाही, बाळा, सकाळच आहे अजून, आणि पाय — तू इतका जवळ आहेस, डोक्याचा भोवरा दिसतो तुझा. उतरव नाही म्हणायचं. फक्त नाव घेते. हळूच. वाऱ्यात निम्मं उडूनच जाईल. एकदाच, तू ऐकणार नाहीस इतकं ह